अडतीस सेंटिमीटर

शनि. ८ मार्च २०२५
श्रीकाका आणि सुधाकाकूंबरोबर त्यांच्या प्लॉटवर. लीड्सहून दीड तास, मूरच्या, उघड्या माळरानाच्या, कडेला. ६ अंश, वारा. झाडांचा हा चौथा वसंत. ओक जवळजवळ सगळे गेले. पाइन उभे आहेत, पण पिवळे, सुया आखूड. एक हाताने हलवून पाहिला. मुळाशी डुगडुगला.
काकांचं म्हणणं, चूक त्यांचीच. रोपं आली त्याच आठवड्यात ते हॅरोला लग्नाला गेले, पिशव्या नऊ दिवस गॅरेजमध्ये पडून. "मुळं सुकली गं. जन्मभर माणसांना भूल देऊन परत उठवलं. इथे चारशे झोपवले, उठवता येईनात."
काकू म्हणाल्या, "निदान तक्रार तरी करणार नाही कुणी."
मी हसले.
जानेवारीतलं गार गॅरेज, बंद पिशव्या. नऊ दिवसांनी फार तर थोडी गेली असती, आणि ती पहिल्याच उन्हाळ्यात. आत्ता नाही.

रवि. ९ मार्च
जुनी फील्डवही काढली. लावणीच्या आधीचा ऑगस्ट. एकच पान: "श्रीका. प्लॉट. खड्डा १. वर काळी, खाली राखाडी, वाळूसर. ओल नाही. ३८ सेंमी."
पुढे काही नाही. का थांबले तेही लिहिलेलं नाही, पण आठवतं. पाऊस सुरू झाला होता. काकू गाडीत, पुरीभाजीचा डबा मांडीवर, हॉर्न वाजवत होत्या. काका माझ्या डोक्यावर छत्री धरून उभे. म्हटलं, पाणी मुरेल, ओक आणि पाइन लावा. रिपोर्ट लिहिला नाही. घरचंच होतं. एमएस्सीची दीड वर्षं मी त्यांच्या वरच्या खोलीत काढली, त्यांना कुठे रिपोर्ट द्यायचा.
राखाडी थर दिसला होता. त्याच्याखाली काय असू शकतं हे पहिल्या टर्मला शिकवलेलं असतं.

गुरु. १३ मार्च
स्कॉटलंडच्या सीमेजवळची साइट. मालकाला सगळीकडे स्प्रूसची झाडं हवीत. वरून गवत सगळं एकसारखं. अकरा खड्डे. पीट, कुजलेल्या शेवाळाचा थर, कुठे ३० सेंमी, कुठे ११०. पन्नासच्या वर असेल तिथे नियमाने लावायचं नाही, तसं तोंडावर सांगितलं. चिडला.
परतताना ईवन म्हणाला, चाळीसवर थांबली असतीस तर एव्हाना पबमध्ये असतो.
तो सहा वर्षं माझ्याबरोबर काम करतो. गंमत करत होता.

शनि. २२ मार्च
घरून, न्यूकासलहून, एकटीच निघाले, प्लॉटवर. काकांना कळवलं नाही. जुन्या खड्ड्यापासून दोन मीटरवर खणलं.
०–१२ काळी, पीटसारखी. १२–४६ राखाडी, ओली, वास. ४६ ला फावडं वाजलं. आयर्नपॅन, लोहाचा घट्ट झालेला थर. गंजाच्या रंगाचा, कडक, ४ मिमी. त्याच्यावर पाणी साचलेलं. पाइनची मुळं चाळीसपर्यंत येऊन आडवी वळलेली, चटईसारखी. पॅन फोडला. खाली पिवळसर तांबूस माती. कोरडी, भुसभुशीत. चांगली.
लावणीआधी ट्रॅक्टरमागे लांब दात लावून एकदा जमीन फाडून घेतली असती तर पुरलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम. आता झाडांच्या ओळींत ट्रॅक्टर जात नाही.
खड्डा बुजवला. वरचा गवताचा तुकडा नीट बसवला, कळणार नाही असा. हे का केलं?

गुरु. २७ मार्च
सुधाकाकूंचा फोन. काका प्लॉट काढून टाकायचं म्हणतायत. "हातगुण गेला माझा, असं म्हणतो. मंडळात सगळ्यांना ती गॅरेजची गोष्ट सांगतो, लोक हसतात. घरी आला की बोलत नाही." मग, "मुक्ता, तू सांग ना त्याला काहीतरी. तुझं ऐकतो."
म्हटलं, बघते.
बघते.

रवि. ३० मार्च. पाडवा.
लीड्स. चौदा माणसं जेवायला. काकांनी गॅरेजची गोष्ट सांगितली, पाहुण्यांसाठी थोडी लांबवली. शेवटी माझ्याकडे हात करून म्हणाले, "आणि माती आमच्या हिने तपासलेली हं. माती फर्स्ट क्लास. डॉक्टरच बोगस."
सगळे हसले.
निघताना ते गाडीपर्यंत आले. सांगितलं.
"काका, गॅरेजमुळे नाही गेली झाडं. खाली कडक थर आहे. मी तेव्हा पाहिला नाही."
"किती खणलं होतंस?"
"अडतीस सेंटिमीटर."
"थर कुठे आहे?"
"सेहेचाळीसला."
"कळलं कधी?"
"गेल्या शनिवारी. मागच्या खेपेलाच संशय आला होता."
"आणि आज जेवताना मला बोलू दिलंस."
मी गाडीचं दार उघडलं, परत लावलं.
"बाहेरच्यांसाठी किती खणतेस?"
"एक मीटर."
त्यांनी मान हलवली. ऑपरेशनआधी पेशंटचे आकडे ऐकताना हलवत असतील तशी. मग म्हणाले, "श्रीखंड घेतलंस का?" घेतलं होतं. आत गेले.

मंगळ. ८ एप्रिल
फोन नाही, मेसेज नाही. आज ऑफिसच्या पत्त्यावर काकांची ईमेल. इंग्रजीत. डियर मिस अमुकतमुक. माझ्या जमिनीचा संपूर्ण मृदा-सर्व्हे हवा आहे, लेखी रिपोर्ट, सहीनिशी. खाली पूर्ण नाव आणि सगळ्या डिग्र्या.
चार वेळा वाचली. गंमत आहे की नाही ठरवता येत नाही. काका गंमत करतात तेव्हा शेवटी काहीतरी सोडतात, पकडता येईल असं. यात नाही.
तसंच औपचारिक उत्तर पाठवलं. शनि. २६.
रात्री काकूंचा फोन: "डबा आणू का? की क्लायंटकडचं खात नाहीस?"
म्हटलं, आणा.

शनि. २६ एप्रिल
प्लॉट. ढग, ९ अंश. पाच खड्डे आखले. काका नमस्काराला हात वर करून गाडीपाशीच थांबले. काकू आत.
१: पॅन ४४. २: ४६. ३: ५१, मधे तुटक, एक पाइनचं मूळ त्या फटीतून खाली गेलेलं. तेवढं एकच झाड हिरवं. ४: ४५.
पाचव्याला काका आले. हातात पहार, शेजारच्या शेतकऱ्याकडून आणलेली. गुडघे टेकून बसले, वेळ लागला. पॅनवरून बोट फिरवलं, फोडल्या जागेतून खालची माती चिमटीत घेतली.
"खाली कोरडी आहे."
"हो."
"एवढंच आडवं आलं."
"हो."
"प्रत्येक झाडाशेजारी पहारीने भोक पाडलं तर?"
"माहीत नाही, काका. चार वर्षांच्या झाडांना मी असं केलेलं नाही. जगतील असं सांगू शकत नाही."
"रिपोर्टमध्ये तसं लिही."
लिहिलं, तिथेच. मी खणत राहिले, ते कडेला पहारीवर दोन्ही हात ठेवून. थेंब पडायला लागले. गाडीतून काकूंनी हॉर्न दिला. मग पुन्हा, लांब.
माझा हात थांबला. टेप पाहिली. ७२.
"वाजू दे," काका म्हणाले.
त्यांनी छत्री आणलेली नव्हती. मीटरला अजून अठ्ठावीस होते.