जांघेत एक टोचणी

३ जानेवारी.
टक्, टक्. साठ वर्षं झाली, पण गुरुजींची छडी अजून कानात वाजते. आम्ही कविता म्हणायचो, ते टेबलावर ताल धरायचे. आज डॉक्टरीणबाईंनी माझ्या डाव्या किडनीच्या धमनीला आलेला फुगा स्क्रीनवर दाखवला. तोही त्याच तालात. अडीच सेंटिमीटर. फुटला तर धावपळीलाही वेळ मिळणार नाही, म्हणाल्या. पोट फाडायचं नाही. जांघेत टोचून बारीक नळी वर न्यायची, फुग्यात तारेची वेटोळी भरायची. दोन दिवसांत घरी. मी लगेच हो म्हटलं. तारीख ९ मार्च. भीती? छे!

१९ जानेवारी.
संकल्प : औषधासोबत रोज पाच कविता, चालीवर. बीपी आधी १६२, नंतर १५८. गुण आहे. पुन्हा मोजलं तर १७०. मशीन जुनं झालंय.

७ मार्च.
तपासणीला गेलो. बाकावर शेजारी एक रिटायर्ड कंडक्टर. त्यालाही तसाच फुगा, त्यात किडनी एकच. तारीख मात्र १२ मे. मला भरून आलं. तिथल्या तिथे माझी तारीख त्याला दिली, त्याची मी घेतली. गडी रडला. बाकावर कविता ऐकवली होती, म्हणून मला कविराज म्हणाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांचं बरं झालं, पण आजोबा, तुमचा फुगा थांबायला बांधील नाही.
घरी आल्यावर ही म्हणाली, मोठे आले दानशूर कर्ण! शाळेत लस टोचायला आले की संडासात लपायचात, वन्संनी सांगितलंय मला.
वन्संना कविता कधी कळलीच नाही.

११ मे.
दोन शिंका आल्या. सर्दीत नळी घालणं बरं नव्हे. डॉक्टरीणबाईंना फोन करून उद्याचं रद्द कळवलं. त्या नको नको म्हणत होत्या. मी ठाम राहिलो.

२ जुलै.
साडेतीन सेंटिमीटर. फुग्याचं तोंड रुंदावलंय, वेटोळी आत टिकणार नाहीत. आता पोट उघडायला हवं, आणि तुमचं हृदय ते सोसायचं नाही, म्हणाल्या. बराच वेळ फाईलच चाळत होत्या. ही भिंतीकडे बघत होती.
थोडक्यात, टोचणी टळली.

२० जुलै. सकाळी ९.१०.
डाव्या कुशीत कळ. गॅस असणार.

९.३०
घाम. कविता सुरू केली. दुसरं कडवं आठवेना. असं कधी झालं नव्हतं. ही फोनवर पत्ता सांगतेय, तिसरा मजला, तिसरा मजला, लवकर या हो.

९.४५
बेल. अँब्युलन्स आली वाटतं. ही धावली.
अँब्युलन्स नाही. कंडक्टर. फळांची पिशवी घेऊन आलाय. तीन जिने चढला, आवाजात धापसुद्धा नाही. दारातूनच हिला सांगतोय, कविराजांमुळे उभा आहे वहिनी, आणि खरं सांगू, टोचलेलं कळलंसुद्धा नाही.