मागे पडणारा ढोल

२ जानेवारी १९५६

पुन्हा तेच! शाळेच्या बँडात ढोल मागे पडतो. साधं चार मोजायचं — एक दोन तीन चार, एक दोन तीन चार — त्यात अवघड काय आहे? मी काठीनं टेबल बडवून बडवून मोजतो, आणि चौथ्या-पाचव्या ओळीला मोठा ढोल माझ्या काठीच्या मागे! मग बासऱ्या गोंधळतात, ताशे गोंधळतात, पाय एकमेकांत अडकतात. सातवीची पोरं, आणि चालतात मेंढरांसारखी.

आधी ढोलावर सावळाराम होता. दिवाळीआधी त्याला काढला. मग ज्योतीराम. त्यालाही काढला. पंधरा दिवस तोंड पाडून फिरत होता, फिरू दे. आता काळेवाडीची शालन. पोरीच्या गळ्यात ढोल नको म्हणून सगळे ओरडले, मीच हट्टानं दिला. अंगानं दणकट आहे म्हणून! तीही तसलीच निघाली.

५ जानेवारी

हेडमास्तर नानासाहेबांनी बोलावलं. "सव्वीस तारखेला मामलेदार येणार आहेत. बँड धड वाजला तर ठीक. नाहीतर जूनपासून बँड बंद. पोरांना कवायत पुरे."

पलटणीच्या बँडात अकरा वर्षं काढली ती हे ऐकायला? बँड बंद म्हणजे मीही बंद. मला दुसरं काय शिकवता येतं?

९ जानेवारी

काठी मोडली. टेबलावरच.

११ जानेवारी

आज माझा तोल गेला. शालनला विचारलं, मागे का पडतेस? खाली मान घालून म्हणाली, "म्या जाग्यावरच हाय, गुरुजी. तुमीच म्होरं जाता."

सगळी पोरं फिस्सकन हसली. मी म्होरं जातो! नाचता येईना, अंगण वाकडं! ढोल तिच्या गळ्यातून ओढून काढला आणि म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. पट्टा तिच्या कानाला लागला असावा. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.



१३ जानेवारी

शालनची आई शाळेत आली — कुशाबाई. डोक्यावर पदर, पण आवाज पिंपरीच्या कारखान्याच्या भोंग्यासारखा. सगळ्या वर्गांना ऐकू गेला.

"माजी पोर ठोक्याला चुकती म्हन्ता? सा वर्साची व्हती तवापास्नं माज्यासंगं भात कांडती. येका उखळात दोन मुसळं! येक डाव जरी चुकली असती तर ही बोटं ऱ्हायली असती का?" दहाही बोटं माझ्या नाकासमोर नाचवली. "ऐतवारी घरी या अन् कांडून दावा तिच्यासंगं. ढोल कुनी वाजवायचा ते मग ठरवा."

मी हजेरीपट उघडून बसलो तर वर म्हणते, "उखळात डोकं घातलंया न्हवं? मग मुसळाला कशापाई भ्यायचं?"

नानासाहेब दारात उभे राहून हसत होते. मी येतो म्हणालो. बघतोच!

१५ जानेवारी

डाव्या हातानं लिहितोय.

अंगणात उखळ, त्यात नवं भात. आधी मायलेकींनी कांडून दाखवलं. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. चूक शोधायलाच गेलो होतो, एकही सापडेना. त्याचाच जास्त राग आला. मग कुशाबाईनं स्वतःचं मुसळ माझ्या हातात दिलं; समोर शालन. मी मोठ्यानं मोजायला लागलो. एक दोन तीन चार. शेजारणी जमलेल्या. कोणीतरी हसलं.

"मास्तर, सावकाश," कुशाबाई म्हणाली.

मला सावकाश म्हणते! मी आणखी आवाज चढवला. आणि मुसळावर मुसळ आदळलं, माझी दोन बोटं मध्ये सापडली.

शालननं धावत जाऊन पाणी आणलं. कुशाबाईनं हळद लावून चिंधी बांधली. मग दोघी उरलेलं भात कांडायला लागल्या. भांडायचं तरी कोणाशी?

१६ जानेवारी

ढोल शालनला परत दिला. बोटांमुळे नवी काठी धरता येत नाही. पोरांना म्हटलं, मी मोजणार नाही, ढोल ऐका. म्हणताना फार जड गेलं.

२१ जानेवारी

दोनदा मोजायला तोंड उघडलं. दोनदा मिटलं.

२६ जानेवारी

झालं. झेंड्यापासून मामलेदारांच्या खुर्चीपर्यंत एकही पाय चुकला नाही. नानासाहेबांनी पाठीवर थाप मारली. मी कडेनं चालत होतो आणि सवयीनं मनातल्या मनात मोजत होतो. पाचव्या ओळीला मी ढोलाच्या पुढे गेलो होतो.

आधी काढलेल्या सावळारामचं घर तळवड्यात आहे, उद्या जाईन. ज्योतीरामचं मला माहीत नाही, विचारावं लागेल.