खोडलेले कलम तसेच ठेवावे

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, सातवी नापास, घरचे ज्याला भिंगरी म्हणतात तो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि पोटभर जेवून लिहीत आहे. जबरदस्ती कोणाची नाही. तब्येत ठणठणीत आहे. उद्या बोटीने लांबच्या बेटावर जायचे आहे आणि बोटवाले असा कागद केल्याशिवाय चढू देत नाहीत.

मी बाईंकडे कामाला आहे. एका जातीच्या जीवापासून दुसऱ्या जातीचा जीव कसा झाला, हे कोडे आजवर कोणी कसे सोडवले आणि कोण कुठे चुकले, याचा इतिहास बाई लिहितात. विद्यापीठातले लोक हसायचे, "मेलेल्यांच्या चुका कशाला वेचता?" त्या वेचत राहिल्या. आता त्याच चुकांवरची त्यांची पुस्तके तिथे शिकवतात. गाडी चालवणे, खोकी उचलणे आणि त्यांची नजर मंदावल्यापासून वाचून दाखवणे माझ्याकडे. बेटावर अशाच एका चुकलेल्याची पत्रे आहेत. शेवटच्या पुस्तकाला ती हवीत.

कलम १. बँकेत असेल ते आईला. तिने ते माझ्या लग्नासाठी साठवू नये, तेव्हा मी नसेन.

कलम २. सायकल आणि पान्यांची पेटी ताईला. पेटी भाओजींनी उसनी मागू नये. मागचा स्क्रूड्रायव्हर अजून परत यायचा आहे.

कलम ३ (खोडले आहे). घरातला माझा हिस्साही ताईला. दादाला काही नाही. तो चारचौघांत म्हणाला होता, "हा एका जागी वर्षभर टिकला तर मी मिशी उतरवीन."

एवढे बाईंना वाचून दाखवले.

"तेव्हा तू किती नोकऱ्या सोडल्या होत्यास?" त्यांनी विचारले.

"सात-आठ."

"मग त्याला जेवढं दिसत होतं, त्यावरून तो बरोबरच बोलला की."

"बाई, तुम्ही माझ्या बाजूच्या की त्याच्या?"

"चुकलेल्यांच्या. जन्म गेला त्यात."

मी पान फाडायला गेलो, तर त्यांनी हात धरला. "फाडू नकोस. जुन्या कागदांत मी आधी खोडलेलंच बघते. माणसाचं मन कुठं वळलं ते तिथं कळतं."

कलम ४. घरातला माझा हिस्सा दादाला. माझ्या सहीवाचून अडलेला वरचा मजला त्याने बांधावा. अट एकच, त्याने आधी कलम तीन वाचावे, मग हे. बाईंकडे मला सहावे वर्ष चालू आहे. तरी मिशी राहू द्यावी. परत आलो तर तिच्यावाचून तो मला ओळखू यायचा नाही.

कलम ५. बाई माझ्याच बोटीत असल्याने त्यांची वेगळी सोय लिहिलेली नाही.

साक्षीदार: बाई (सही तिरकी आहे, पण त्यांचीच आहे), खालच्या मजल्यावरचा शिंपी.
स्थळ: बाईंची अभ्यासाची खोली, बांधलेल्या खोक्यांमध्ये.
दिनांक: बोटीच्या आदल्या दिवशीचा मंगळवार.
सही: भिंगरी, दादाचा धाकटा भाऊ.