दुधात फोडलेली कॅप्सूल

धाकट्या,

छकुलीला घेऊन दवाखान्यात जातेय. तुझा फोन लागत नाही. पोरीच्या अंगभर लाल गांधी उठल्यात, ओठ सुजलेत. तिच्या दुधाच्या पेल्यात तळाशी तुझ्या दाढदुखीतल्या उरलेल्या अँटिबायोटिक कॅप्सूलची पूड सापडली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं ना, की साधी सर्दी आहे, घसा आपसूक बरा होईल, असल्या औषधाचा सर्दीला काडीचा उपयोग नाही? पण तुझी अक्कल त्यांच्याहून दोन बोटं वर! तुझ्या बायकोला मी काही कळवलेलं नाही, ते तुझ्या तोंडाने कळव. कॅप्सूलचं उरलेलं पाकीट बरोबर नेतेय. हे वाचलंस की तडक तिकडे ये. पोरीला किती पाजलंस ते विचारतील. आईशी खोटं बोललेलं खपून जातं, तिथं खरं सांग.

— आई