बुधवार पेठेतलं दुकान सुनेच्या नावे

मी, गुलजार मकसूद तांबोळी, वय अडुसष्ट, धंदा रेडिओ व अॅम्प्लिफायर दुरुस्ती, राहणार नारायण पेठ, पुणे, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवतो. डोळ्यांना चष्मा लागतो. कान शाबूत आहेत. डॉक्टरांनी दाराबाहेर मुलाला हळू आवाजात जे सांगितलं, ते मला आत पलंगावर ऐकू आलं. म्हणून आजच.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी नसीमबानू व मुलगा इम्तियाज यांना शरीयतीप्रमाणे जाईल. त्यात माझ्या लेखणीला काम नाही. नसीमबानूच्या खोलीत मात्र भाडेकरू घालू नये. लोणी काळभोरहून माझ्यामागे येताना तिने विहीर असलेलं घर सोडलं होतं.

२. मालमत्तेचा एक तृतीयांश मला वारसांबाहेर देता येतो. सून वारस नसते. तेव्हा बुधवार पेठेतला गाळा, मीटर, हत्यारं आणि रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हचा साठा मी सूनबाई परवीन हिला देतो. हे सगळं तृतीयांशाच्या आत बसतं, वकिलांनी पडताळलं आहे. गाळा विकायचा की ठेवायचा, हे तीच ठरवील. इम्तियाजला तिथे ट्रान्झिस्टर विकायचे आहेत. त्याने ते स्वतःच्या हिश्शातून खुशाल विकावेत.

कारण लिहितो. व्हॉल्व्हच्या आतल्या तापणाऱ्या तारेला, म्हणजे फिलॅमेंटला, एसी वीज दिली की तिची घरघर स्पीकरात उतरते. तीच वीज डायोड आणि मोठे कपॅसिटर लावून डीसी केली, तर फिलॅमेंट तापतं पण बोलत नाही. आमचे गिऱ्हाईक गोपाळकृष्ण दीक्षित यांच्या अॅम्प्लिफायरला इम्तियाजने डीसी जोडली, पण ट्रान्सफॉर्मरची मधली जुनी अर्थची तार तशीच ठेवली. त्या तारेतून शॉर्ट होऊन डायोड भाजले. मग पुन्हा एसी लावून म्हणतो, "काका, व्हॉल्व्ह म्हटला की घरघर आलीच."

दीक्षित म्हणाले, "मग पाटीवर तसं लिहा."

परवीन माझ्या शेजारी नऊ वर्षं काम करते आहे. तिने ती तार तोडली, नवे डायोड घातले, अर्थ एकाच जागी दिली.

३. माझं सोल्डरिंग आयर्न शेजारच्या हिंदुरावांना उसनं देऊ नये. परत येतं, पण टोक जाळून.

सह्यांआधीची नोंद: मसुदा वाचून इम्तियाज म्हणाला, "अब्बा, बायकोच्या दुकानात मी बसू? लोक काय म्हणतील?"

साक्षीला आलेले दीक्षित म्हणाले, "लोकांचं राहू द्या हो. आधी माझं काम झालंय का बघू." अॅम्प्लिफायर टेबलावरच होता. त्यांनी स्पीकरला कान लावला, बराच वेळ. मग वैतागून म्हणाले, "अहो, सुरू तरी करा."

"सुरूच आहे काका," परवीन म्हणाली. "मागून बघा, व्हॉल्व्ह पेटलेत."

दीक्षितांनी वाकून पाहिलं. पुन्हा कान लावला. मग इम्तियाजपुढे हात केला. "पेन द्या."

इम्तियाजने खिशातलं स्वतःचं पेन काढून दिलं.

वरील सर्व मला मान्य आहे.

सही: गुलजार मकसूद तांबोळी
साक्षीदार: १. गोपाळकृष्ण वामन दीक्षित, नारायण पेठ
२. उल्का दीनानाथ केतकर, पुस्तकविक्रेत्या, बुधवार पेठ
पुणे, ११ नोव्हेंबर १९८१