पंचविसावं चित्र

६ जानेवारी, सोमवार
आर्णीहून सकाळच्या एसटीनं आले. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या या जिनिंगमध्ये आजपासून मी नेटवर्क इंजिनिअर! व्यवस्थापक भगवानरावांनी स्वतः सगळं फिरवून दाखवलं. कापसाचे ढीग, गाठी बांधणारा प्रेस, चोवीस कॅमेरे. माझी खोली लहानशी, पण एसी झकास. सगळ्या केबल जिथं जोडतात तो स्विच आणि सर्व्हर तिथेच, म्हणून चपला बाहेर काढायच्या. काचेच्या दारावर नवी पाटीसुद्धा: दीपमाला मनवर. आधीच्या निकिता मॅडम लग्न होऊन गेल्या म्हणे. आईला फोन केला तर ती पाटीचा फोटो मागत बसली.

७ जानेवारी
इथलं नेटवर्क सारखं अडकतं, त्याचं दुखणं सापडलं. प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र स्विच सगळ्याच पोर्टांवर, म्हणजे केबलच्या प्रत्येक खाचेवर, ढकलत होता. वजनकाट्याच्या बिचाऱ्या संगणकालाही चोवीस चित्रं! नेटवर्क अडकणारच. मल्टिकास्टचं फिल्टर सुरू केलं. आता ज्या पोर्टावरून मागणी येईल, तिथंच ते चित्र जाईल. दुपारपर्यंत सगळं सुसाट. भगवानराव खूश, चहा पाजला.

८ जानेवारी
कोणत्या पोर्टावरून काय मागितलं जातंय, याची यादी स्विच ठेवतो. सहज पाहिली. सतरा नंबरवरून एक मागणी येतेय, दर दोन मिनिटांनी. सतरामध्ये केबलच नाही. आणि मागितलेला पत्ता चोवीसपैकी एकाही कॅमेऱ्याचा नाही. म्हणजे पंचविसावं चित्र. जुन्या सेटिंगचा कचरा असेल. यादी पुसली. दोन मिनिटांत परत आली.

९ जानेवारी
सतरा बंद केलं, तरी त्याचा दिवा लुकलुकतोच आहे. झाडायला येणाऱ्या नंदाबाई उंबऱ्यावरच थांबतात, आत येत नाहीत. आज म्हणाल्या, "तुम्ही एकट्या कायले बसता इथं, ताई? निकिता मॅडमले मी आत जाताना पाह्यलं. बाहेर येताना कोनीच नाही पाह्यलं. चपला आठ दिवस इथंच पडून होत्या."
भगवानरावांना विचारलं. कागद चाळत म्हणाले, लग्न झालं तिचं. कुठल्या गावी दिलं, ते काही सांगता आलं नाही.

१० जानेवारी, दुपार
मागणी आता एक नंबरवरून येतेय. एक म्हणजे माझा संगणक. मी काहीच मागितलेलं नाही. चित्र आपोआप उघडलं.
ही खोली. मी, पाठमोरी, वेणीसकट. वरून.
वळून पाहिलं, नुसती भिंत. स्टुलावर चढून हात फिरवला. कॅमेरा नाही. वायर नाही.

११ जानेवारी
भगवानरावांना बोलावून दाखवलं. त्यांना पडदा काळाच दिसला. मला चित्र दिसत होतं, त्यात ते नव्हतेच. मी एकटी. ते माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते.
राजीनामा दिला. म्हणाले, सोमवारी पासवर्ड लिहून द्या आणि जा.

१३ जानेवारी, सव्वाअकरा
पासवर्ड लिहिले की निघाले.
कॅमेऱ्याचं चित्र नेहमी क्षणभर मागे असतं. हे पुढे आहे. चित्रातली मी उठून पाणी प्यायली, आणि मग मी उठले. माझ्या मनात नसताना —

अकरा वीस
दार उघडत नाही. केबल काढली. मग सगळ्याच काढल्या. चित्र चालूच —

अकरा बावीस
चित्रातल्या मीनं वही मिटली. मान वर केली. तोंड उघडलं —
मी वर बघणार नाही. वही मिटणार नाही. लिहीत राहायचं, काहीही लिहायचं —

अकरा चोवीस
काचेपलीकडे नंदाबाई. मी हाका मारतेय. त्या माझ्याकडे बघत नाहीत. माझ्या डोक्याच्या वर —
झाडू पडला त्यांच्या हातातून —

चित्रात खुर्ची रिकामी आहे. पण मी तर अजून