‘मानधन’ या शब्दाचा विग्रह

सर, तुम्हांला जाऊन पुष्कळ वर्षे झाली आणि तुम्ही जिथे आहात तिथला पिन कोड मला ठाऊक नाही. तरीही लिहितो आहे, कारण एका शब्दाविषयी तुमच्याशी बोलायचे आहे आणि या शहरात समासावरून भांडायला मला दुसरे कोणी उरलेले नाही. शब्द तुमच्या परिचयाचा आहे: मानधन. गेली अठरा वर्षे तो माझ्या चरितार्थाचे अधिष्ठान आहे. अधिष्ठान भक्कम आहे, चरितार्थ तेवढा होत नाही.

तुमचे स्वयंपाकघर आठवते. मी नववीत आहे, आमच्या बौद्धवाडीतून संस्कृत घेणारा पहिलाच, आणि त्या पहिलेपणाचा मला इतका मद चढलेला की आईकडे पाणी मागतानाही मी ‘जल’ म्हणतो. वाडीतले लोक हसतात. तुम्ही मात्र हसत नाही, रविवारी घरी बोलावता. तुमच्या पत्नी गेल्यापासून स्वयंपाक तुमचा तुम्हीच करता. त्या रविवारी तुम्ही विळीवर बसून नारळ खवत होता. आदल्या संध्याकाळी कुठेसे व्याख्यान दिले होते, त्याचे मानधन म्हणून तो नारळच मिळाला होता. खवता खवता विचारलेत, “काय रे पंडिता, मानधन. फोड.”

मी तत्काळ फोडले. “मानासाठी दिलेले धन. चतुर्थी तत्पुरुष.”

“चूक. मान हेच ज्याचे धन, तो. बहुव्रीही. शब्द माणसाविषयी आहे, पैशाविषयी नाही.”

मी विचारले, “मग त्याच्याकडे पैसे नसतात का, सर?”

तुम्ही इतके हसलात की हातातली करवंटी विळीवरून सुटली. डोळे पुसत म्हणालात, “व्याकरण त्याची चौकशी करत नाही.” आणि नंतर, एकाएकी गंभीर होऊन, “उत्तर पाठ असले तरी आधी शब्दाकडे बघावे. तू उत्तराकडे धावतोस.” जाताना तुमचा स्वतःचा शब्दकोश दिलात, पाठीला कापडी पट्टी लावलेला. तो अजून आहे. वाळवीने ‘क्ष’ खाल्ला, ‘मान’ अबाधित आहे.

पुढे मी विशेष शिक्षक झालो. जी मुले ऐकत नाहीत, बोलत नाहीत, किंवा जगाकडे तिरप्या दिशेने पाहतात, त्यांच्याकरिता गावोगावच्या शाळांत जाणारा. करार अकरा महिन्यांचा. बारावा महिना बहुधा माझ्या आध्यात्मिक उन्नतीसाठी राखून ठेवला असावा. करारपत्रात वेतन हा शब्द कुठेही येणार नाही याची दक्षता घेतलेली असते. शेजारच्या वर्गातले गुरुजी वेतन घेतात, मी मानधन घेतो. त्यांच्या वेतनाला महागाई भत्ता चिकटतो, माझ्या मानधनाला नाही. महागाईला माझा पत्ता मात्र नीट ठाऊक आहे. मांडवीच्या बाजारात सुरमईचे आम्ही दर्शन घेतो आणि नैवेद्य बांगड्याचा करतो. हल्ली बांगडाही आमच्याकडे अनोळखी नजरेने पाहू लागला आहे. हापूसच्या गावात जन्मून मी दर वैशाखात डागी आंब्यांची परीक्षा करण्यात पारंगत झालो. कोणता डाग सालीपुरता आहे आणि कोणता कोयीपर्यंत गेला आहे, हे मी बोटाने सांगू शकतो. एवढी एकच विद्या माझी कायम झाली. आमच्या सौभाग्यवतींना मी एकदा तुमचा बहुव्रीही समजावून सांगितला. कुकरचे झाकण लावता लावता त्या म्हणाल्या, “समजलं. पण मान किती शिट्ट्यांत शिजतो तेवढं सांगा.”

यंदा शिमगा सरला आणि घरमालकीण दारात आल्या. आमच्या खिडकीतून समुद्र दिसतो, अर्थात मोरीतल्या स्टुलावर उभे राहिल्यास. तेवढ्या समुद्रावर त्यांना आता पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आहेत. “सर, तुमी घरच्यासारखे. म्हणून आधी तुमालाच सांगत्ये,” त्या म्हणाल्या. “मेच्या सुट्टीआधी खोली मोकळी झाली तर बरा होईल. पोरगा म्हणतो, एका दिवसाचा जेवढा येईल ना, तेवढा तुमी...” वाक्य त्यांनी पुरे केले नाही. भल्या बाई आहेत. पंधरा दिवस आम्ही खोल्या पाहत हिंडलो. ज्या परवडत होत्या त्या रत्नागिरीत नव्हत्या, आणि ज्या रत्नागिरीत होत्या त्यांच्या मालकांनी ‘मानधन’ ऐकून पंखा बंद केला. अखेर किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टात मला जागा मिळाली: पाहुण्यांचे स्वागत, नोंदवही, राहायला मागे दोन खोल्या. मालकाला माझी भाषा आवडली. म्हणाला, “तुम्ही बोललात की देवळात आल्यासारखं वाटतं.” तिथे वेतन आहे, सर. त्याला तो वेतनच म्हणतो.

आता त्या मुलीविषयी सांगितले पाहिजे. अकरा वर्षांची आहे, बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी भेटली तेव्हा काही सहन झाले नाही की स्वतःच्या मनगटाला चावायची. मी तिला बोलण्याऐवजी हातात द्यायचे चित्रांचे पत्ते शिकवू लागलो, आणि विद्वान असल्यामुळे आरंभ चुकीच्या टोकाने केला: ‘पाहिजे’चा पत्ता. एक वर्ष गेले. मग तुमचे बोलणे आठवून उत्तर बाजूला ठेवले आणि मुलीकडे पाहिले. तिला पाहिजे असे फारसे काही नव्हते, नको असे मात्र पुष्कळ होते. ‘नको’चा लाल पत्ता ती चार महिन्यांत शिकली. मनगटावरचे व्रण आता जुने झाले आहेत.

गेल्या शुक्रवारी तिच्या आईला शाळेत बोलावून मी सांगितले की जून महिन्यापासून येणार नाही. बोलणे चालू असताना मुलगी उठली, जवळ आली आणि लाल पत्ता माझ्या हातात ठेवला. आईच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले, आणि एक अत्यंत उदात्त वाक्य माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसले. मग मी मुलीकडे नीट पाहिले. तिची मान वरच्या बाजूला कलली होती. मी पंखा बंद केला. ती शांतपणे जागेवर जाऊन बसली. माझ्या जाण्याविषयी तिचे काहीही मत नव्हते, सर. पंख्याचे एक पाते घासत होते, एवढेच. आई पंख्याकडे बघत म्हणाली, “तुमाला कळला. आता हिला काय नको झालाय ता मला कोण सांगणार?” माझ्या जागी कोण येणार ते ठरलेले नाही. जागा भरली जाईल असेही कोणी म्हणत नाही. कोणत्या आवाजाला ती कोणत्या बाजूला कलते, हे मी चार पाने लिहून आईच्या हवाली केले. तिला वाचता येते. पण तीन वर्षे चार पानांत मावत नाहीत.

सोमवारी राजीनामा घेऊन कार्यालयात गेलो. मोठ्या परिश्रमाने रचला होता. ‘कृतज्ञतापूर्वक’ आणि ‘भारावनत’ हे दोन्ही शब्द त्यात होते. कारकुनाने तो आदराने वाचला, माझ्यासाठी चहा सांगितला आणि म्हणाला, “सर, राजीनामा नोकरीचा असतो. तुमची नोकरी नाहीये ना. हा घ्या फॉर्म. कराराचं नूतनीकरण, हवे किंवा नको. नकोवर खूण करा, झालं.”

पेन हातात धरून मी त्या शब्दाकडे किती वेळ बघत होतो कोण जाणे. हा शब्द शिकवायला मला वर्षाहून अधिक काळ लागला होता. चहा निवला. मग खूण केली.

हे पत्र मी शब्दकोशात ठेवून देणार आहे. त्याआधी एक सांगायचे राहिले. तुम्ही शेवटच्या आजारात रुग्णालयात होता तेव्हा मी आलो नाही. सगळ्यांना सांगितले की शाळेच्या परीक्षा होत्या. परीक्षा नव्हत्या. मानधन चार महिने थकले होते आणि तुमच्याकडे रिकाम्या हातांनी यावे, डझनभर केळीसुद्धा न घेता, हे मला जमेना. रुग्णालयाच्या फाटकापर्यंत चालत आलो होतो, तिथूनच परत गेलो. तुम्ही केळ्यांची चौकशी केली नसती, हे मला तेव्हाही ठाऊक होते.